एक कॉमा चुकवायचा होता

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमचं ऑफिस टायरच्या एका दुकानावर आहे. लोखंडी जिना, वर पत्र्याची खोली, खोलीत तीन टेबलं. खिडकीतून ट्रेलर दिसतात, ट्रेलरांच्या मागे आणखी ट्रेलर दिसतात, आणि उरलंसुरलं आकाश. तिसरं टेबल माझं. लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले होते, "चार दिस बस, मग बघू." ते चार दिवस अजून चालू आहेत.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या साताऱ्याकडे सुना तसंच म्हणतात. मी वाशीत वाढलेली, नोकरदार घरातली. मला सुरुवातीला ते जड गेलं, आता 'मामा' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांपुढे येतच नाही. तरुणपणी एक जुना ट्रक घेऊन ते इकडे आले आणि त्या एका ट्रकचा पसारा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. माझा नवरा दिवसभर खाली यार्डात असतो. गाड्यांचं तो बघतो, माणसांचं मामा बघतात, इंग्रजी मी.

हे इंग्रजी म्हणजे नेमकं काय ते सांगते. स्टील कंपन्यांचा माल आमच्या गाड्या नेतात. गाडी उशिरा पोचली, पत्र्याच्या गुंडाळीला, म्हणजे कॉइलला, पोचा पडला, ताडपत्री फाटली, की कंपनीची मेल येते: लेखी खुलासा द्या. कंपनीला आमच्याकडे पार्टी म्हणतात, जणू काही ती केक कापायला बोलावते आहे. तो खुलासा मी लिहिते.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा मी नवी नवरी होते. तेव्हाच्या कारकुनाने लिहिलेला खुलासा पार्टीने दोनदा परत पाठवला होता. मामा वैतागून घरी आले आणि कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, "तू बीए-बीएड ना गं? बघ काय झालंय ह्याला." बघितलं तर पानभर एकच वाक्य. गाडी निघाली इथून सुरू होऊन माल उतरला इथपर्यंत श्वास न घेता. शब्द सगळे बरोबर होते. मी फक्त ते वाक्य नऊ ठिकाणी तोडलं, दोन-चार कॉमे टाकले, आणि दिलं. पार्टीने मान्य केलं. मामांनी विचारलं, "काय केलंस?" मी म्हटलं, "काही नाही, फुलस्टॉप टाकले." त्या दिवसापासून मामांची पक्की समजूत आहे की इंग्रजांचं सगळं सामर्थ्य त्या टिंबात आहे.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार चुकत नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन दार लावून घेतं. 'होता', 'आहे', 'गेली' आलं की ऐकणाऱ्याला कळतं, संपलं. टिंब दिलं नाही तरी चालून जातं. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन बसलेलं असतं, मग वाक्य पुढे वाढतच राहतं, त्याला कुणीतरी हात धरून थांबवावं लागतं. आमचे लोक इंग्रजी लिहितात तेव्हा डोक्यात मराठी दार असतं आणि कागदावर ते नसतं. हे मला बीएडमध्ये कुणी शिकवलं नाही. हे मी टायरच्या वासात बसून शिकले.

पुढे त्या कामाची एक रीतच पडून गेली. काही घडलं की ड्रायव्हरला माझ्या टेबलापुढे बसवायचं. तो एका दमात सगळं सांगतो. मामा शेजारी उभे राहतात आणि एखादी गोष्ट पुरी झाली असं त्यांना वाटलं की बोटातल्या अंगठीने टेबलावर टक् करून वाजवतात. "हितं टिंब." ड्रायव्हरही आता सरावलेत. एकजण तर बोलता बोलता स्वतःच थांबून मामांकडे बघतो, टक् झालं की पुढे जातो. बाहेरच्या माणसाला हे बघून हसू येईल. मलाही येत होतं, पहिली काही वर्षं.

मला शाळेत शिकवायचं होतं. एवढं एकच हवं होतं. आठवी-नववीच्या मुलांना, ज्यांना निबंधात तीन-तीन उद्गारचिन्हं द्यायची खोड असते, त्यांच्या वह्यांवर लाल शाईने गोल करायचे होते. यंदा उन्हाळ्यात खारघरच्या एका शाळेने मला मुलाखतीला बोलावलं. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडून एक छोटा पाठ घेऊन बघितला आणि बाहेर सोडायला येताना म्हणाल्या, "तुम्ही आलात तर बरं होईल." फोन करून त्यांनी जागा दिली, आणि हेही सांगितलं की दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी चार वाजेपर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसऱ्या बाई थांबल्या आहेत.

हा फोन आला त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मामांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान वर केली. "जा की. तुला काय बांधून ठिवलंय व्हय?" मी खुशीने त्यांना आणखी आमटी वाढली. मग त्यांनी तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाले, "पर तेवढं लिवायचं बघ."

हेच. आमच्या घरात कुणी कुणाला अडवत नाही. दारं सगळी उघडी असतात, त्यातून बाहेर मात्र पडता येत नाही. आरडाओरडा करणारा सासरा असता तर मी भांडले असते. भांडायला मी काही कमी नाही. पण मामा प्रेमाने बोलतात, माझ्या वाट्याचा आंबा बाजूला काढून ठेवतात, आणि तेवढं लिवायचं बघ म्हणतात.

नवऱ्याने त्याच्या परीने मार्ग काढला. फोनवर ते नवीन ॲप असतं, मराठीत बोललं की इंग्रजीत लिहून देणारं, ते त्याने मामांना दाखवलं. "बघा पप्पा, कॉमा-फुलस्टॉप सगळं आपोआप. टेन्शनच नाय." इंग्रजी खरंच सुरेख होतं. फक्त त्या ॲपने पहिल्याच वाक्यात पार्टीची मनःपूर्वक माफी मागितली होती. मी वाचून दाखवल्यावर मामा भडकलेच. "माफी? चूक आपली न्हाई तर माफी का मागतंय ते? बंद कर आदी." बाहेरचा माणूस ठेवायचं म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार होतं: "गाडीवर काय घडतंय ते घरातल्या मानसालाच कळावं. घरात जमतंय तवर बाहेरचा कशाला?"

घरात जमतंय तवर. त्यावर सगळ्यांचे डोळे माझ्या जावेकडे वळले.

जाऊ नुकतीच लग्न होऊन आलेली, ऐरोलीची. धाकटा दीर यार्डातच असतो. ती मला ताई म्हणते. लग्नाआधी ठाण्याला नोकरी करत होती, लग्नासाठी सोडली, आणि आता ऐरोलीच्या एका कंपनीत बोलणी चालू होती. ती कॉन्व्हेंटची, इंग्रजी माझ्यापेक्षा अस्खलित बोलणारी. मामा म्हणाले, "धाकटीला शिकीव आठ दिस. मग तू मोकळी." मी एवढी खूश झाले की त्या रात्री मी शाळेसाठी साड्यासुद्धा काढून ठेवल्या. जावेचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला बसायला पाट दिला नाही.

मी तिला मनापासून शिकवलं. एका वाक्यात एकच गोष्ट. जे आधी घडलं ते आधी. कॉमा हा श्वास घेण्यापुरता, गोष्ट संपवायला नाही. डॅश शक्यतो नको, पार्टीच्या साहेबाला वाटतं आपण काहीतरी लपवतोय. उद्गारचिन्ह तर नकोच नको, आपण ओरडतोय असं दिसतं. ती मान डोलवायची, वहीत लिहून घ्यायची. आणि मग जे लिहायची ते वाचून मी कपाळावर हात मारून घ्यायची. गाड्या किती वाजता कंपनीच्या फाटकावर येतील एवढी साधी मेल; तिने लिहिली आणि पार्टीचा मामांना फोन आला, की काय लिहिलंय ते कळत नाही. दुसरी मेल गेली, पुन्हा फोन. मामा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "हिला ऱ्हाऊ दे. हिला न्हाई जमायचं. जाऊ दे ऐरोलीला." मग जिना उतरता उतरता, "तुला जमतंय ना, झालं तर."

त्या दोन मेली कागदावर काढून मी घरी घेऊन बसले. कुठे समजावायला कमी पडले ते बघावं म्हणून. दोन-तीनदा वाचल्यावर मला विचित्र वाटायला लागलं. ज्याला कॉमा कुठे द्यायचा ते कळत नाही, त्याचे निम्मे कॉमे चुकून बरोबर जागी पडतात. मी एवढे खुलासे दुरुस्त केलेत, मला ठाऊक आहे. हिचा एकही बरोबर जागी नव्हता. एकही नाही. जिथे हवा तिथे टाळलेला, जिथे नको तिथे नेमका ठेवलेला. असं चुकायला आधी सगळं नीट यावं लागतं.

ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने एकदा कागदांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसली.

"ताई, तुम्हाला कळणार हे माहीत होतं मला."

"मुद्दाम?"

"मग काय करू? मामा चांगले आहेत, नाही कसं म्हणणार त्यांना? एकदा जमलं असतं ना, तर संपलं असतं. मी पण इथेच." तिने मेथीची जुडी झटकली. "आणि बघा, मी दोन साध्या मेली बिघडवल्या. कुणाचं नुकसान होईल अशी एकपण नाही बिघडवली."

मला राग आला. इतका आला की मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझी सुटका हिने हुकवली म्हणून आला, आणि हिला लग्नाच्या चौथ्या महिन्यात जे सुचलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नाही म्हणून त्याहून जास्त आला. वाईट लिहायचं. बस्स. कुलूप कुठेच नव्हतं, आणि मी रोज सकाळी डबा घेऊन आपल्या पायाने आत जात होते.

थोड्या वेळाने ती मागे येऊन उभी राहिली. "ताई, तुम्हाला अजून सोमवार आहे. तुम्ही पण बिघडवा ना दोन-तीन. मामाच म्हणाले ना, घरात जमतंय तोवर. नाही जमलं तर ठेवतील माणूस."

शनिवारी मी ठरवून गेले. आज बिघडवायची.

आणि शनिवारीच एक ड्रायव्हर माझ्या टेबलापुढे येऊन बसला. साताऱ्याकडचाच, पन्नाशीचा, आमच्याकडे जुना. त्याच्या गाडीत कॉइल सरकली होती आणि तिची कड वाकली होती. पार्टीने त्याचा फाटकाचा पास बंद करायचं ठरवलं होतं. पास गेला की त्या कंपनीत त्याला गाडी नेता येणार नाही, आणि आमचं निम्मं काम त्याच कंपनीचं. तो हातातला रुमाल पिळत सांगायला लागला.

"घाटाखाली चहाला थांबलो आनि साखळी बघितली आनि ती घट्ट हुती आनि मग निघालो तर फुडं एक कारवाला मधी घुसला आनि मी ब्रेक मारला तर साखळी ढिली झाली आनि कॉइल सरकली…"

मामांची अंगठी वाजत होती. टक्. टक्. मी लिहायला घेतलं, आणि या वेळी टिंब दिलंच नाही. सगळं एका वाक्यात ओवलं, कॉमे इकडे-तिकडे शिंपडले, आणि वाचून बघितलं. त्या वाक्यात तो चहाला थांबला होता आणि साखळी ढिली झाली होती. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी, मधला कारवाला कुठल्या कुठे पडलेला. कुणीही वाचलं असतं तर म्हटलं असतं, चहा पीत बसला, साखळी बघितली नाही. तो समोर बसून माझ्या बोटांकडे बघत होता. त्याला इंग्रजी येत नाही, पण मी लिहिते आहे म्हणजे आपलं नीट होईल, असा त्याचा चेहरा होता.

मी सगळं पुसलं. तो चहाला थांबला. तिथे त्याने साखळी तपासली. साखळी घट्ट होती. पुढे काही अंतरावर एक कार अचानक समोर आली. प्रत्येकाला आपापलं टिंब दिलं. पार्टीने दुपारीच मान्य केलं, पास राहिला. ड्रायव्हरने संध्याकाळी कंदी पेढे आणून माझ्या टेबलावर ठेवले. मामा एक पेढा तोंडात टाकून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, हिच्याशिवाय हाय का कोन?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. त्या दाराची कडी कधीपासून मोडलेली आहे, म्हणून एका हाताने दार धरून रडले.

जाऊ रविवारी म्हणाली, "ती कशी बिघडवणार, ती माणसाची होती. उद्याची साधी असेल."

सोमवारी आम्ही दोघी एकाच लिफ्टने उतरलो. तिचा ऐरोलीचा पहिला दिवस. केस मोकळे, गळ्यात ओळखपत्राचा नवीन पट्टा, हातात माझाच जुना छोटा डबा. सोसायटीच्या फाटकाशी ती रिक्षात बसली आणि मला म्हणाली, "ताई, एक कॉमा तरी चुकवा हं आज." मी हसून मान हलवली आणि उलट्या बाजूला वळले.

सकाळी खरोखरच साधी मेल होती. मंगळवारी कोणकोणत्या गाड्या येतील, किती वाजता. कुणाचा पास नाही, कुणाची नोकरी नाही. मी एक कॉमा नको तिथे टाकला. मग धीर करून एक टिंब गाळलं. दोन वाक्यं एकमेकांना चिकटली, सकाळच्या गाड्या दुपारच्या वेळेला जाऊन लागल्या. वाचणाऱ्याला दोनदा वाचूनही कळू नये, असं झकास जमलं. आणि मी ती पाठवली. खरंच पाठवली. शाळेतून पळून आल्यासारखं वाटत होतं. खिडकीतलं आकाशसुद्धा जरा मोठं वाटलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पार्टीचा फोन येईल, मामा कपाळाला आठ्या घालतील, मी म्हणेन, मामा, हल्ली लक्षच लागत नाही. चारच्या आत शाळेत फोन करून हो सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

फोन येईना. मी डबा उघडला आणि परत बंद केला. तो पार्टीचा साहेब मी कधी पाहिलेला नाही, पण तो मला दिसायला लागला. चष्मा वर करून माझी मेल वाचतोय, परत वाचतोय. खाली माझं नाव आहे. इतक्या वर्षांत त्या नावाने असलं काही गेलं नव्हतं. मी ती मेल पुन्हा उघडून बघितली. तो कॉमा चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं, यार्डात नवऱ्याला हाक मारून उगीच काहीतरी विचारलं, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. चार वाजून गेले. पर्समध्ये फोन वाजला, शाळेचा नंबर होता. मी तो वाजू दिला. म्हटलं, ही मेल एवढी आधी नीट करू, मग त्यांच्याशी निवांत बोलू.

मामा जिना चढून आले. "सकाळची मेल गेली का गं? पार्टीचा काय फोन?"

"फोन नाही आला," मी म्हटलं, आणि माझी बोटं तोवर टाइप करत होती. नको तिथला कॉमा काढला. गाळलेलं टिंब परत दिलं. सकाळच्या गाड्या सकाळी, दुपारच्या दुपारी. वर एक ओळ घातली आणि पाठवून दिली: कृपया आधीची मेल रद्द समजावी.

मग मी शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, अहो, तुमची खूप वाट बघितली, आत्ताच त्या दुसऱ्या बाईंना हो म्हटलं.